मांडी घालून बसलेल्या माणसाची उंची

परळीत बसून मी जहाजं काढते असं कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात, मग आईकडे बघतात, की पोरगी बरी आहे ना. समुद्र इथून रात्रभराच्या गाडीवर. आमच्या गच्चीवरून दिसतात ती थर्मलची धुराडी. वारा फिरला की त्यांची राख येऊन सगळ्यावर बसते, वाळत घातलेल्या पापडांवर, बेलाच्या रोपावर, माझ्या लॅपटॉपवर. काम सुरू करायच्या आधी मी फडक्यानं स्क्रीन पुसते. ज्या गावात वीज तयार होते त्याच गावात ती दिवसातून किती वेळा जाते हे मला विचारू नका, माझं डोकं फिरतं.

खाली वडिलांचं, अप्पांचं, कापडाचं दुकान, वर आम्ही राहतो. मी जहाजांचे आराखडे करणारी इंजिनिअर. बरीच वर्षं कोचीला एका कंपनीत होते, अजूनही त्यांचंच काम करते, पण घरून. घरून का, तर आईला एकटं सोडवत नाही. तशी एकटी म्हणजे अप्पा आहेत की. पण अप्पांच्या शेजारी बसली तरी ती एकटीच असते, आणि त्याला कारण आहे.

माझा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर इंजिनात कामाला होता. गावात म्हणतात, बहिणीचं बघून गेला. काहीच्या काही. मी कागदावर जहाजं काढते, मला साध्या होडीत बसलं तरी मळमळतं. तो गेला कारण त्याला दुकानात बसून साडीचे पदर उलगडायचा कंटाळा होता, आणि कारण त्याला जग बघायचं होतं. बघितलंही. कुठल्या कुठल्या बंदरावरून फोन करायचा, आणि आईला पहिला प्रश्न हाच, की आज काय केलंस खायला.

टाळेबंदीच्या काळात त्याचं जहाज लांबच्या समुद्रात होतं. त्याला ताप आला आणि तो तापातच गेला. कशाचा ताप ते कुणीच नीट सांगितलं नाही. तेव्हा सगळीकडे भीती होती. जहाज एका बंदराशी गेलं, त्यांनी मयत उतरवू दिलं नाही. दुसऱ्यानं नाही, तिसऱ्यानंही नाही. त्याला जहाजावरच्या कोल्ड रूममध्ये ठेवलं होतं, म्हणजे जिथं मटण आणि भाज्या ठेवतात तिथं. लहान जहाजांवर वेगळी जागा नसते. त्यामुळे बाकीची माणसं जेवेनात. मी हे सगळं नंतर ऐकलं. ऐकताना मला त्या माणसांचा राग आला आणि लगेच कळलं की मीही जेवले नसते.

मग ज्या ऑफिसानं त्याला नोकरीवर पाठवलं होतं तिथून अप्पांना फोन आला. हिंदीत विचारलं, समुद्रातच विधी करू का, तुमची परवानगी हवी. मी कोचीत अडकलेली, आई आत देवापाशी. अप्पांनी दुकानाच्या बंद शटरमागं उभं राहून ऐकून घेतलं आणि म्हणाले, हो. म्हणाले, तुमाला बरं वाटंल तसं करा, तिथल्या पोरांचेबी हाल नगं. असा माणूस आहे तो. स्वतःच्या पोराचं मयत अडकलेलं असताना परक्या पोरांच्या जेवणाची काळजी. मी आजही ह्या वाक्यासाठी त्यांच्यावर रागावू शकत नाही. आई शकते.

कारण अप्पांनी एक गोष्ट विचारली नाही. आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत आणि आडवं पुरतही नाहीत. बसवतात. जीव गेला की अंग आखडायच्या आत मांडी घालून भिंतीला टेकवतात, पडू नये म्हणून छातीवरून कापड बांधतात, भस्म लावतात, डाव्या हातात गळ्यातलं इष्टलिंग देतात. बसवूनच मिरवत नेतात आणि जमिनीत कोनाडा करून त्यात बसवूनच माती देतात. आमच्या घरात आजवर कुणी आडवं होऊन गेलेलं नाही. आजोबा, आजी, काका, दोन दिवसांचं आयुष्य लाभलेलं आत्याचं बाळसुद्धा, सगळे बसून गेले. लहानपणी मला वाटायचं, जमिनीखाली आमच्या लोकांची बैठक भरलेली असते आणि तिथं नव्या माणसाला सरकून जागा देतात.

तर आईचा प्रश्न एकच होता. त्याला बसवलं का झोपवलं?

अप्पांना माहीत नव्हतं. त्यांनी त्या ऑफिसात पुन्हा फोन केला, तर तिथल्या बाईला प्रश्नच समजेना. पुढं भावाच्या बरोबरचा एक बिहारी मुलगा सुट्टीवर आला तेव्हा त्यानं आपणहून फोन केला. चांगला होता बिचारा. म्हणाला, सगळे डेकवर उभे राहिले, कॅप्टननं प्रार्थना म्हटली, गळ्यातलं लिंग गळ्यातच ठेवलं. आईनं फोन हातात घेऊन आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं, बिठाया था क्या. तो म्हणाला, माँजी, बहुत इज्जत से किया. आईनं फोन माझ्याकडे दिला आणि स्वयंपाकघरात गेली.

मला उत्तर माहीत होतं. माझा धंदाच तो. समुद्रात सोडताना माणसाला जाड कापडात शिवतात, पायाशी लोखंड घालतात, फळीवर आडवं ठेवतात आणि फळी तिरपी करतात. माझ्या तोंडाला लगाम नाही असं घरात म्हणतात, आणि ते खरंही आहे, पण हे मी आईला कधी सांगितलं नाही. माहीत न्हाई आई, वेगवेगळ्या पद्धती असतात, असं म्हणत राहिले. तिलाही ते पुरत होतं. अर्धी शंका म्हणजे अर्धी आशा, तेवढ्यावर ती दिवस काढत होती.

पण त्यात एक दुखणं होतं. बसवलं असेल तर तो बसला, संपलं. बसवलं नसेल तर? आई म्हणायची, तो उभाच हाय. दुपारी जेवणं झाल्यावर ती जरा कलंडते, आणि उठते तेव्हा तो दाराच्या चौकटीत उभा असतो. काही बोलत नाही. पँटची खालची कड ओली. ये बस म्हणलं तर बसत नाही. हे ती रडून-ओरडून सांगत नसे. भाजीवाला आला होता, हे जसं सांगावं तसं सांगायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तिनं त्या प्रामाणिकपणे घेतल्या, तो येतच राहिला. कपिलधारला नेलं. तिथं मठातल्या वयस्कर स्वामींनी समजावलं की पाणी काय आणि माती काय, सगळं त्या शिवाचंच. आईनं पाया पडून घेतलं. परत येताना गाडीत म्हणाली, ते समदं खरं हाय, पर पाण्यात टेकायला भिंत कुठं आसती.

आणि मी काय मोठी शहाणी? त्या दाराच्या चौकटीत दुपारी मीही उभी राहत नाही. अंग चोरून पटकन आत जाते.

अशा घरात गेल्या वर्षी ते जहाज आलं. म्हणजे त्याचं काम. समुद्रात विखुरलेल्या बेटांचा एक छोटासा देश आहे, त्याचं नाव इथं कशाला. त्यांचं नौदल म्हणजे काही जुन्या गस्तीच्या बोटी. त्यांना आता एकच नवं जहाज घ्यायचं होतं, आणि त्या एका जहाजानं सगळं करायला हवं होतं. चोरून मासे धरणाऱ्या परक्या ट्रॉलरना हाकलायचं. बुडणाऱ्यांना वाचवायचं. वादळानंतर लांबच्या बेटांवर पाणी, औषधं, छपराचे पत्रे न्यायचे. अडलेल्या बाळंतिणीला मोठ्या बेटावर आणायचं. आणि देशाच्या मोठ्या दिवशी रंग देऊन, झेंडे लावून बंदरात मिरवायचं. घरातल्या थोरल्या सुनेसारखी गत त्या जहाजाची. सगळ्यांची कामं तिच्याकडे आणि तिला स्वतःला खोली नाही.

अशा कामात पहिले काही महिने जहाज काढायचंच नसतं. नुसतं भांडायचं असतं. कुठलं काम जहाजानं करायचं, कुठलं सोडायचं, कशासाठी किती जागा. तोफ मोठी हवी तर वजन वर जातं, मग जहाज डुलतं. हेलिकॉप्टर उतरवायचं तर अख्खी शेपटी त्यातच जाते. एकदा पत्रा कापायला घेतला की मग कुणी कितीही डोकं आपटलं तरी भिंत हलत नाही. म्हणून सगळी भांडणं आधी. मला हा भाग आवडतो. माझा स्वभावच तसा आहे.

पहिल्या आराखड्यात मी गोड्या पाण्याच्या टाक्या इतक्या मोठ्या धरल्या की कोचीचे माझे साहेब व्हिडिओ कॉलवर हसायला लागले. अहो, समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र आहे ना जहाजावर, मग एवढं साठवून काय करणार? मी काय सांगू? आमच्या गल्लीत टँकर येतो तेव्हा पिंपं, हंडे, कळश्या, आणि तरी उरलं तर पातेल्या भरून ठेवतात, उद्या पुन्हा येणार असला तरी. यंत्रावर विसंबून राहायची आमची जातच नाही. शिवाय मोठी टाकी अर्धी रिकामी झाली की आतलं पाणी इकडून तिकडं आदळतं आणि जहाज कलंडू शकतं, हे मी कॉलेजात घोकलेलं, तरी हात आपोआप मोठीच टाकी काढत होता. हसले ते हसले. मी टाक्या कमी केल्या, पण त्यांना हव्या होत्या तेवढ्या नाही.

आमच्या संगणकात एक माणूस असतो. खराखुरा नव्हे, आकृती. बोळातून तो जाऊ शकतो का, जिना चढताना डोकं आपटतं का, हे बघायला त्याला जहाजात चालवायचं. त्याची उंची आपण भरायची असते. मी पहिल्या दिवशी उंची भरली आणि कामाला लागले. काही आठवड्यांनी लक्षात आलं की ती उंची माझ्या भावाची आहे. मुद्दाम नव्हतं केलं. बोटांनी केलं. मग मात्र मला बदलवेना. तो करड्या रंगाचा, चेहरा नसलेला माणूस माझ्या जहाजात सगळीकडे उभा असायचा. इंजिनापाशी उभा, भटारखान्यात उभा, काम थांबवून चहाला उठले आणि परत आले तरी जिथं ठेवला तिथंच उभा. मला काय झालं असेल ते झालं. मी स्क्रीन जरा तिरकी करून ठेवायला लागले, आईला दिसू नये म्हणून.

मग कोल्ड रूमची पाळी आली. नेहमीप्रमाणे खाण्याच्या वस्तूंसाठी एक. मी माझ्याच तोंडानं विचारलं, वादळानंतर हे जहाज बेटांवर जाणार, बुडालेल्यांना शोधणार, तर मेलेली माणसं कुठं ठेवणार? त्या देशाचा एक कमांडर आमच्याशी बोलायला असायचा, पन्नाशीचा, शांत माणूस. तो म्हणाला, मागच्या मोठ्या वादळात आम्ही त्यांना उघड्या डेकवर ताडपत्रीखाली आणलं, वरून समुद्राचं पाणी मारत. मी म्हणाले, मग आता खोली करू. तो म्हणाला, आमचे खलाशी मेलेल्यांच्या खोलीच्या जहाजावर पाय ठेवायचे नाहीत, अपशकुन मानतात. आणि जागा कुठून आणणार?

जागा मला आधीच दिसली होती. मागच्या बाजूला, दवाखान्याच्या खोलीला लागून, एक केबिन होती, मंत्री वगैरे आले तर झोपायला. सोफा, वेगळी न्हाणी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सरळ म्हणाले, वर्षातून एकदा येणाऱ्या मंत्र्याला पाय पसरायला जागा आहे आणि तुमच्याच मेलेल्या माणसाला नाही, हे कसलं जहाज. साहेबांनी लगेच मोबाईलवर मेसेज टाकला, तोंड आवर. मी आवरलं नाही. माझा भाऊ मटणाशेजारी पडून होता, हे मी म्हणाले. ते मात्र म्हणायचं नव्हतं मला. म्हणून झाल्यावर मी कॅमेरा बंद केला.

मला वाटलं काम गेलं. साहेब दोन दिवस बोलले नाहीत. मग कमांडरचा निरोप आला की मंत्र्यांची केबिन काढा, खोली करा, फक्त आराखड्यावर तिचं नाव दुसरी कोल्ड रूम एवढंच लिहा, खलाशांना उगाच कशाला. मी गच्चीवर जाऊन रडले. आनंदानं म्हणावं तर तसं नव्हतं, दुःखानं म्हणावं तर तसंही नाही.

त्या भरात मी चूक केली. आईला खाली जाऊन सांगितलं, आई, मी ह्या जहाजात मेलेल्या माणसांसाठी खोली केली, आता कुणाच्या पोराला भाजीपाल्यात ठेवणार न्हाईत. आईनं हातातलं निवडणं बाजूला ठेवलं. दाखव, म्हणाली.

ती माझ्या कामाकडे कधी बघत नाही. त्या दिवशी चष्मा लावून, खुर्ची ओढून स्क्रीनपुढं बसली. मी खोली उघडून दाखवली. छान काढली होती हो, मला अभिमान होता. दार रुंद, आत थंड हवेची नळी, आणि भिंतीला एकावर एक तीन फळ्या. लांब, आडव्या. सगळीकडे तशाच असतात. नियमात तशाच लिहिल्यात. ज्या घरात कुणी आडवं गेलं नाही त्या घरातली मी, एकदाही हात न अडखळता, तीन आडव्या फळ्या काढल्या होत्या.

आईनं बोट लावून विचारलं, हे काय? मी म्हणाले, फळ्या. तिनं तिन्ही फळ्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "म्हंजी जहाजावर समदीकडं आडवंच आसतं."

एवढंच. ना रडणं, ना मला बोल लावणं. जे मी तिच्यापासून इतकं सांभाळून ठेवलं ते मीच रंग भरून तिच्यापुढं ठेवलं होतं. ती उठली, पदरानं खुर्चीवरची राख झटकली, आणि खाली गेली. दुपारी तिनं कलंडायचं टाळलं. दाराकडे पाठ करून बसली.

पुढचे दिवस फार वाईट गेले. ती अप्पांना जेवण वाढायची, काही बोलायची नाही. माझ्याशीही कामापुरतं. अप्पांनी मला जिन्यात गाठून विचारलं, काय झालं, तर मी सांगून टाकलं. ते पायरीवरच बसले. म्हणाले, "मी इचारायला पायजे व्हतं गं. मला सुचलंच न्हाई." त्यांना कुणी कधी हे बोलू दिलं नव्हतं. मीही त्यांच्या शेजारी बसले आणि आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो, गिऱ्हाईक येईपर्यंत.

मग एका सकाळी आई वर आली. मी स्क्रीन पुसत होते. म्हणाली, ती खोली आजून कागदावरच हाय ना? मी म्हणाले, हो. पत्रा कापला न्हाई? म्हणाले, न्हाई. मग तिनं विचारलं, "त्यात माणूस बसवता यील का?"

मला आधी वाटलं, तिला ह्या जहाजाचं खरं काय ते कळलेलं नाही. मी समजावलं, हे लांबच्या देशाचं जहाज आहे, तिथं आपली माणसं नाहीत, तिथले लोक त्यांच्या पद्धतीनं करतात. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, तिथं आपलं कुणी मरणार न्हाई हे लिवून दिलंय का कुणी? कुण्या परळीचं, वडवणीचं पोरगं पोटासाठी तिकडून जात आसंल. त्याला काढतील पाण्यातनं. मग? खरं सांगायचं तर मला ह्यावर वाद घालायचाच नव्हता.

बसवायचं कसं, ते तिनंच सांगितलं, कारण तिनं आयुष्यात कितीतरी जणांना बसवलंय, मी कुणालाच नाही. थंडीत ठेवायच्या आधी बसवावं लागतं, अंग आखडल्यावर जोर केला तर हाड मोडतं. पाठीला सरळ टेका हवा. छातीवरून रुंद पट्टा हवा, बारीक नको, बारीक रुततो. गुडघ्यांना दोन्हीकडून आधार हवा, कारण जहाज हलतं. डोक्यावर मोकळी जागा हवी, कुणाच्या डोक्याला काही लागलेलं चांगलं नाही. मी ते सगळं ऐकून काढायला बसले. खालची फळी कायम आणि वरच्या दोन भिंतीला दुमडणाऱ्या केल्या की खाली एक माणूस बसू शकतो. वरच्या दोन जागा जायच्या, पण दुमडलेल्या फळ्यांच्या जागेत एरवी औषधं, लशी, बर्फ मावेल. साहेबांना मी तेच कारण लिहून पाठवलं, बर्फ आणि लशी. कमांडरला पाठवताना मात्र वेगळं लिहिलं. लिहिलं की काही लोकांत मेलेल्या माणसाला बसवतात.

त्याचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. लिहिलं होतं, करा. फक्त नेमकी उंची किती मोकळी हवी आणि रुंदी किती, तो आकडा पाठवा, मी सही करतो.

आकडा. मी संगणकातल्या त्या माणसाला बसवायला गेले. त्याला उभं राहता येतं, चालता येतं, वाकता येतं, आडवं होता येतं, खुर्चीवर बसता येतं. मांडी घालता येत नाही. ज्यांनी तो बनवला त्यांच्याकडे कुणी जमिनीवर बसत नसावं. मी त्याचे गुडघे एकेक करून वाकवून बघितले, तो विचित्र मोडल्यासारखा दिसायला लागला, आणि त्याची उंची माझ्या भावाची. मला ते बघवेना. मी लॅपटॉप मिटला आणि खाली जाऊन आईला सांगितलं, माप लागतंय, आणि माझ्याकडे बसलेला माणूस न्हाई.

आई म्हणाली, माझं घे.

ती माजघरात भिंतीपाशी गेली, पदर सावरला आणि मांडी घालून बसली. गुडघे दुखतात तिचे, तरी पूर्ण घातली. पाठ भिंतीला टेकवली. मग तिनं डोळे मिटले आणि डावा हात मांडीवर उपडा होता तो उताणा केला. आजी अशीच बसली होती. काका असाच बसला होता. मी टेप आणायला म्हणून दाराकडे वळले तर अप्पा दारात होते, दुकानातला कापड मोजायचा लोखंडी मीटर हातात घेऊन. त्यांनी जिन्यातून ऐकलं असावं. त्यांना आत यावं का नको ते कळत नव्हतं. डोळे न उघडता आई म्हणाली, "तुमी मापा. तुमचा हात सरळ हाय."

अप्पा खाली बसले. मीटर तिच्या शेजारी भिंतीला उभा लावला, डोक्यावर तळहात आडवा धरला, वाकून बघितलं. आकडा सांगितला, मी लिहिला. आई म्हणाली, त्याची पाठ माझ्यापरीस लांब व्हती, चार बोटं जास्त धरा. अप्पांनी चार बोटं धरली. मग खांदे. ती म्हणाली, खांदे तुमच्यावर गेलते त्याचे, तुमचेच मापून घ्या. तेव्हा मी अप्पांचे खांदे मापले. ते मान खाली घालून बसले होते आणि मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंतचं माप पुन्हा आईचं घेतलं.

झालं. सगळे आकडे मिळाले होते. अप्पांनी मीटर बाजूला ठेवला, आईच्या कोपराला धरलं आणि म्हणाले, ऊठ आता, गुडघे भरून येतील.

आईनं डोळे उघडले नाहीत.

"थांबा," ती म्हणाली. "जरा बसू द्या त्याला."

अप्पांनी तिचा कोपर सोडला नाही. आम्ही थांबलो.